न हललेला रोल

मी एक जुना कॅमेरा आहे आणि मित्रांनो, खरं सांगू का, आता फार दमलो आहे. पट्ट्याचं कातडं उललं आहे, भिंगाला बुरशी धरली आहे. खटका दाबला की अंगातली सगळी चाकं कुरकुरतात.

कारखान्यातून निघालो तो एका मास्तरांच्या हाती पडलो. त्यांच्या लेकीचं रांगणं मी टिपलं, पडलेले दात टिपले, रुसवेसुद्धा टिपले. "काय सुरेख फोटो येतात हो याचे!" असं पाहुणे म्हणायचे. पुढे घरात फोन आले आणि माझी रवानगी कपाटात झाली.

मग त्या उन्हाळ्यात लेक तिच्या तीन मित्रांबरोबर परदेशी निघाली. त्यांतला लंबू नोकरीसाठी तिकडेच राहणार होता. चौघांची एकत्र अशी ही शेवटचीच सुट्टी. म्हणून तिने फर्मान काढलं, "फोनवर एकही फोटो नाही. सगळे बाबांच्या कॅमेऱ्यावर!"

मास्तरांनी बजावलं, "रोल भरलास की ही डावीकडची खुंटी फिरते का बघ. नाही फिरली, तर आत काही सरकत नाहीये."

"हो बाबा, कळलं!"

डोंबलाचं कळलं! तिकडे पोचल्यावर फलाटावर गाडी सुटायच्या घाईत तिने रोल कसाबसा कोंबला. त्याचं टोक आतल्या दातेरी चाकात अडकलंच नाही आणि तिने माझं झाकण धाडकन लावलं.

पुढे काय विचारता! पुलावर, कपडे धुवायच्या दुकानात, करकरणाऱ्या खाटांच्या खोलीत ती खटका दाबत राहिली आणि मी रिकामाच राबत राहिलो. चौघं गळ्यात गळे घालून हसत होती. माझा जीव मात्र नुसता तुटत होता.

"अगं, हा रोल संपतच नाही!" लंबू म्हणाला.

"मग? कॅमेरा कोणाचा आहे!" ती ऐटीत म्हणाली. फोनवर वाढलेली पोरं ती. रोल कधीतरी संपायला हवा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

घरी परतल्यावर फोटोवाल्याने मला उघडलं आणि कपाळाला हात लावला. "ताई, हा रोल जागचा हललेलाच नाही."

ती दुकानातच रडली. घरी येऊन "भंगार आहे मेलं!" म्हणत तिने मला खालच्या खणात आपटलं. सगळं खापर माझ्याच डोक्यावर! वाईट वाटलं मित्रांनो, फार वाईट वाटलं.

लंबूचा फोन यायचा. "फोटो कुठेत?" "धुवायला दिलेत रे," ती सांगायची. असं किती दिवस चालणार? एकदा तिचा बांध फुटला. "एकही आला नाही रे! मीच रोल नीट भरला नव्हता!"

मग लंबू म्हणाला, "बरं, रडू नकोस. काय काय काढलं होतंस, ते सांग मला."

ती सांगायला लागली. पूल, साबणाचा फेस, खाटेवरून पडलेला तो स्वतः. एकही गोष्ट ती विसरली नव्हती. मी खणात पडून सगळं ऐकलं. मला मात्र कोणी बाहेर काढलं नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राकडून खुशाल काम करून घ्या, पण मधूनमधून त्याच्याकडे बघतही जा. आम्हाला ओरडता येत नाही. त्या अख्ख्या प्रवासात मला एवढंच करता आलं, की मी ती खुंटी फिरू दिली नाही.