वाद्यं थांबली तेव्हा

गोरख ओव्हाळला मुलीची अजिबात काळजी नव्हती. हे त्याने भाजे गावापासून लोणावळ्यापर्यंत टेम्पोतल्या प्रत्येकाला इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी ड्रायव्हरलाही कळून चुकलं, हा माणूस काळजीने अर्धा झालाय.

मुलगी म्हणजे मानसी, अकरावीतली. लोणावळ्यातल्या डोंगराकडच्या मोठ्या शाळेत ती पाचवीपासून शिष्यवृत्तीवर शिकत होती, रोज जवळच्या मळवली स्टेशनवरून लोकलने जाऊन-येऊन. आज त्या शाळेच्या सभागृहात ती पियानोवर कॉन्चेर्टो वाजवणार होती. कॉन्चेर्टो म्हणजे काय, ते भाज्याच्या वस्तीत आता शेंबड्या पोरालाही विचारा. एका बाजूला एकटा पियानो, दुसऱ्या बाजूला शाळेचा अख्खा ऑर्केस्ट्रा, आणि दोघांनी मिळून वाजवायची तीन भागांची एक लांबलचक रचना. ऑर्केस्ट्रात वाजवणारी पोरं ढीगभर. पियानोवर एकच, आणि ती आपली मानसी. गोरखने हे इतकं सांगितलं होतं, की तो येताना दिसला की बायका नळावरून अर्धे भरलेले हंडे उचलून चालू लागायच्या.

आठवडाभर गोरख तळेगावच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत पेटी वाजवायचा. जयंती असो, बारसं असो, बाबासाहेबांची आणि बुद्धाची गाणी म्हणायला त्याची पार्टी मावळभर फिरायची. मानसीची बोटं पहिल्यांदा चालली ती त्याच्या मांडीवर बसून, त्याच पेटीवर. पण पेटीवर एक हात भात्यात अडकतो. शाळेतल्या पियानोवर दोन्ही हात मोकळे मिळाले आणि पोरगी जी सुटली, ती कुणाला आवरेना.

आदल्या दिवशी मानसीने सगळ्यांना समोर बसवून नियम सांगितले. फोन बंद. शिट्टी नाही. तीन भागांच्या मधे टाळ्या नाहीत, अगदी शेवटीच वाजवायच्या. आणि मुख्य म्हणजे, कितीही आवडलं तरी उठून स्टेजवर बक्षीस द्यायला यायचं नाही. हा शेवटचा नियम श्रीपतीकाकासाठी होता. गायन पार्टीत ओळ आवडली की काका नोट फडकावत स्टेजवर जायचा आणि माईकवर आपलं नाव पुकारून घेतल्याशिवाय खाली उतरायचा नाही.

"बक्षीस न्हाई, टाळी न्हाई," काका कुरकुरला. "मंग पोरीला कळायचं कसं, आमाला आवाडलं म्हनून?"

"कळेल काका मला," मानसी म्हणाली. "तुम्ही फक्त बसा."

मानसी चुकेल अशी भीती गोरखला खरंच नव्हती. घरातल्या कीबोर्डवर तिने हा कॉन्चेर्टो इतका घोटला होता, की धाकटा भाऊ झोपेत त्याची चाल बरळायचा. जिथे ऑर्केस्ट्राची पाळी असे तिथे ती नुसती बोटाने मांडीवर मात्रा मोजायची, आणि आपली पाळी आली की पुन्हा सुरू. पहिल्या भागाच्या शेवटाकडे एक जागा होती. तिथे तिचे हात पायरी-पायरीने खाली उतरत आणि एकदम धावत वर येत. ती जागा गोरखला फार आवडायची. बाकीच्यांचं वाजवणं त्याने कधी ऐकलंच नव्हतं. इथे मागे ढोलकीसारखं काहीतरी जोरात असणार, असं त्याने आपल्या मनाने ठरवून टाकलं होतं.

त्याला भीती होती ती त्या बाकीच्यांची. मागे एकदा जेवताना मानसीने हसत हसत सांगितलं होतं, की पहिल्या खुर्चीवर व्हायोलिन वाजवणारा सुरज तालमीत तिला म्हणाला, "ऑर्केस्ट्रा तुझ्या मागून येणार नाही, तूच आमच्या मागून ये." मानसी हसली, आई हसली. गोरखचा घास तोंडातच फिरत राहिला.

त्याला कारण होतं. गोरख नववीत असताना शाळेच्या गॅदरिंगला त्याने पेटीवर बाबासाहेबांचं गाणं धरलं होतं. साथीला मागे गावातली भजनी पोरं, मृदंग आणि टाळ घेऊन. तालमीत त्याने नुसती चाल वाजवली होती, शब्द म्हटले नव्हते. स्टेजवर पहिल्याच ओळीत बाबासाहेबांचं नाव आलं, आणि दुसऱ्या ओळीला मागचा मृदंग थांबला. मग एकेक करून टाळ थांबले. कुणी शिवी दिली नाही, कुणी उठून गेलं नाही. खाली मान घालून, वाद्यं मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. गोरखने तिसरी ओळ कशीबशी म्हटली, मग पेटी मिटली आणि तो खाली उतरला. पुढे तेच गाणं त्याने गावोगाव गाजवलं. त्या टाळकऱ्यांतले दोघे तर आज कारखान्यात त्याच्याच डब्यातली भाजी खातात. पण एक गोष्ट त्याच्या अंगात मुरली ती मुरलीच. साथीची वाद्यं थांबली, म्हणजे माणसाला सोडलं.

सभागृह भरलेलं होतं. पुढे पुण्या-मुंबईहून आलेले पालक, मागच्या रांगांत भाज्याची मंडळी. गोरखची आई भामाबाई पांढरीशुभ्र साडी नेसून आली होती, आणि तिचं बघून वस्तीतल्या सगळ्याच बायका. विहारात जायचं तेव्हा नेसतात तशी. एवढा मोठा कार्यक्रम, तिथे रंगीबेरंगी कशाला, असं म्हातारीचं म्हणणं.

मानसी काळा लांब झगा घालून स्टेजवर आली. "काळं का घातलंय पोरीनं?" भामाबाई पुटपुटली. अनिताने, म्हणजे मानसीच्या आईने, सासूचा हात दाबला. अनघा मॅडम, ज्यांनी मानसीला पियानो शिकवला, त्याच ऑर्केस्ट्रापुढे उभ्या होत्या. त्यांनी हातातली छडी उचलली आणि सगळी व्हायोलिनं एका दमात सुरू झाली.

गोरखच्या अंगावर सर्रकन काटा आला. घरी मानसी बोटाने मोजायची त्या रिकाम्या जागांत एवढं सगळं भरलेलं होतं, हे त्याला माहीतच नव्हतं. मग मानसीने पहिला सूर लावला. तिने काही विचारावं आणि बासऱ्यांनी उत्तर द्यावं, व्हायोलिनांनी सांगावं आणि तिने ते उलटून त्यांनाच ऐकवावं, असं चाललं होतं. सुरज पुढे पळत नव्हता. गोरख त्याच्यावर डोळा ठेवून होता, पण पोरगा इमानाने साथ करत होता. गोरखच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढच्या रांगेतल्या कोटवाल्या माणसाच्या खांद्यावर थाप मारून "माझी पोरगी" असं सांगावं, अशी उबळ त्याला आली. श्रीपतीकाका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, चुकून टाळी जाऊ नये म्हणून.

आणि ती आवडती जागा आली. सगळ्या वाद्यांनी मिळून एक मोठा आवाज उठवला, वर नेला, आणि वाद्यं थांबली.

सगळी थांबली. व्हायोलिनं गुडघ्यांवर टेकली. बासऱ्या खाली आल्या. अनघा मॅडमनी छडी खाली केली. सुरजने तर गज मांडीवर आडवा ठेवून दिला. एवढ्या मोठ्या स्टेजवर मानसी एकटी वाजवत होती.

गोरख ताडकन उभा राहिला.

"वाजवा की रं!" असं त्याला ओरडायचं होतं. तेवढ्यात अनिताने मागून शर्ट ओढला, "अवो, बसा!" तो बसला नाही. आता ही थांबणार, आता ही पियानो मिटून खाली उतरणार. त्याला स्वतःच्या हातात ती नववीतली पेटी जाणवत होती.

मानसी थांबली नाही. तिचे हात पायरी-पायरीने खाली उतरले आणि धावत वर आले. कुणीच बरोबर नसताना ती घाईलाही आली नाही. उलट एका सुरावर रेंगाळली, जणू घरी कीबोर्डपुढे बसली आहे आणि आईने अजून जेवायला हाक मारलेली नाही. "थांबू नगंस बाय," गोरख ओठातल्या ओठात म्हणाला. "त्यांच्याबिगर वाजीव."

इकडे मागे वेगळंच झालं होतं. भामाबाईने बघितलं, वाजंत्री बंद झाली, सगळी पोरं शांत बसली आणि आपला लेक उभा राहिला. म्हातारीने जन्मभर एकच रीत पाहिली होती. सगळं शांत होतं आणि माणसं उभी राहतात ती वंदनेला. ती उठली आणि तिने हात जोडले. भामाबाई उठली म्हटल्यावर वस्ती बसून राहते होय? श्रीपतीकाका उठला, बायका उठल्या, पोराटोरांना बखोटीला धरून उठवलं. सभागृहाच्या मागच्या अंगाला भाज्याची अख्खी मंडळी, बायका पांढऱ्या साड्यांत, सगळे हात जोडून, गुपचूप उभे. पुढचे दोन-चार पालक वळून बघू लागले.

गोरखला यातलं काही दिसलं नाही. तो स्टेजवरच्या पोरांचे चेहरे बघत होता. त्याला ते नववीतले चेहरे शोधायचे होते, खाली मान घातलेले. तसा एकही सापडेना. सगळी पोरं मानसीच्या हातांकडे बघत होती. ढोल वाजवणारा तर तोंड उघडं टाकून बसला होता. अनघा मॅडम पियानोकडे अर्ध्या वळून, मान किंचित वाकवून ऐकत होत्या. आणि सुरज, तो सुरज, गालातल्या गालात हसत होता, आपल्याच माणसाने षटकार मारल्यावर हसतात तसा.

मानसीची दोन बोटं शेजारच्या दोन सुरांवर भराभर आलटून-पालटून पडत राहिली. तिने मान वर करून मॅडमकडे बघितलं. छडी उठली, सगळे गज उठले आणि ऑर्केस्ट्रा तिच्या सुरावर अलगद येऊन मिळाला. गोरख मटकन खाली बसला. मागोमाग सगळी मंडळीही बसली. "झाली वंदना?" भामाबाईने जोडलेले हात सोडत लेकाला विचारलं.

पहिला भाग संपताच पुढच्या काही पालकांनी टाळ्या वाजवल्या. "त्यांस्नी न्हाई व्हय सांगितलं?" श्रीपतीकाकाने तक्रारीच्या सुरात विचारलं. गोरखला काही ऐकू आलं नाही. दुसरा भाग त्याने डोळे पुसण्यात घालवला आणि तिसऱ्यात मनसोक्त ठेका धरला. शेवटी सभागृह टाळ्यांनी दणाणलं. काकाचे इतका वेळ कोंडलेले हात सुटले ते थांबेचनात, आणि एक शिट्टीही गेली. ती कुणाची, हे काकाने आजतागायत कबूल केलेलं नाही.

बाहेर पटांगणात मानसी धावत आली. मागे ऑर्केस्ट्रातली पोरं, हातात वाद्यांच्या पेट्या घेऊन. भामाबाईने नातीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.  महिनाभर नळावरच्या बायकांना पिडणारा गोरख आज कडेला उभा राहून सुरजला न्याहाळत होता.

"पप्पा, तुम्ही सगळे मधेच उभे का राहिलात?" मानसीने विचारलं. "मॅडम विचारत होत्या."

गोरखने तिला जरा बाजूला घेतलं. "मला वाटलं, सोडलं तुला समद्यांनी."

मानसी हसणार होती, पण बापाचा चेहरा बघून थांबली. गॅदरिंगची गोष्ट तिला ठाऊक होती. त्याने कधी सांगितली नव्हती, आजीने सांगितली होती.

"तसं नाही पप्पा," ती म्हणाली. "ती जागा असतेच तशी. तिथे मी एकटीनेच वाजवायचं. बाकी सगळ्यांनी थांबायचं आणि ऐकायचं. मी खूण केल्याशिवाय कुणी वाजवायला लागायचं नाही."

"त्यो सुरजसुदिक?"

"सुरजसुद्धा."

"आन् तू खूणच न्हाई केली तर?"

"तर बसतील तसेच."

गोरखने त्या पोरांकडे बघितलं. कुणी वडे खात होतं, कुणी फोटो काढत होतं. "म्हंजी," तो सावकाश म्हणाला, "येवढी समदी पोरं, ती मॅडम, समदी तुझ्यासाटी थांबली व्हती?"

"व्हय," मानसी म्हणाली. शाळेच्या आवारात ती कधी 'व्हय' म्हणायची नाही. आज म्हणाली, तेही सुरज चार पावलांवर उभा असताना, चांगलं मोठ्याने.

 गोरखला आभाळ ठेंगणं झालं. तो वळला आणि टेम्पोकडे निघालेल्या आईला त्याने हाक मारली, "आये! अगं, ती वंदना न्हवती."

"मंग काय व्हतं?" भामाबाईने विचारलं.

"तुझी नात वाजवत व्हती. तिच्यासाटी समदी वाद्यं गप केली व्हती त्यांनी."

म्हातारीने क्षणभर विचार केला आणि पांढरा पदर खांद्यावर सारखा केला.

"मंग उभं ऱ्हायलो, ते बराबरच केलं की."