विकलेला माल

“इथंच उतरवा. बराबर दारासमोर,” मिना टेम्पोवाल्याला म्हणाली.

सेनगावचा बाजाराचा दिवस होता आणि विश्वंभरशेठच्या दुकानात लग्नसराईची गर्दी. कूलर बघायला आलेल्या बायका बाजूला सरकल्या. मिनाच्या नवऱ्यानं, देविदासनं, टेम्पोवाल्याच्या मदतीनं निळा फ्रीज पायरीवर टेकवला. त्याच्या दारावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं.

शेठ गल्ल्यावरून उठले नाहीत. “हे काय आणलंत? मी सांगितलं होतं ना, कंपनीला फोन लावा. आमचं काम विकायचं.”

“लावला. रोज लावून राहिले. एक दाबा, दोन दाबा. मानूस येतो म्हनत्यात.”

“आला होता की. त्यानं कळवलंय मला. तांड्यावर व्होल्टेज कमीजास्त होतं, त्यानं बिघाड झाला. ते वॉरंटीत बसत न्हाई.”

“तो तांड्यावर आलाच न्हाई. फाट्यावरून फोन केला, रस्ता खराब हाय म्हनला अन् तिथूनच परत गेला. फ्रीज न बघताच त्याला व्होल्टेज कसं दिसलं?”

शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मिनाच्या घरात हा फ्रीज थंड पाण्यासाठी आला नव्हता. तिच्या मुलीला, पुनमला, लहानपणीच साखरेचा आजार जडला होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घेतल्याशिवाय तिचा दिवस जात नसे. ते औषध गारव्यातच टिकतं. हिवाळाभर मिना बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायची, पण उन्हाळ्यात मडकंही तापायचं. म्हणून या वर्षी हळद विकली आणि सगळ्यांत आधी फ्रीज घेतला. तांड्यावरच्या बायका बघायला आल्या. नारळ फोडला. खालच्या कप्प्यात मिनानं पुनमच्या बाटल्या ओळीनं लावल्या आणि इतर काही ठेवायचं नाही असं सगळ्यांना बजावलं.

थोड्याच दिवसांत फ्रीज गार करेनासा झाला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दार उघडलं की दिवा लागायचा, मागची मोटर घुरघुरायची. पुनम तांब्या-तांब्यानं पाणी प्यायला लागली तेव्हा मिनाला वाटलं, ऊन फार आहे. मग उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालू लागला. जीप करून पोरीला हिंगोलीला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, “औषध कुठं ठेवता?” मिना म्हणाली, “फ्रीजमधी ठेवतो, साहेब. नवा घेतला.” हे सांगताना आपला आवाज अभिमानानं जरा चढला होता, हे तिला पुढं कितीदा तरी आठवलं.

औषध उष्णतेनं निकामी झालं होतं. पोरगी वाचली. वसमतहून मिनाची बहीण संगिता दवाखान्यात आली होती. ती म्हणाली, “तुजा फ्रीज नीट होईस्तोर लेकरू माज्याकडं राहू दे. माज्याकडं चांगला चालून राहिला.” नाही म्हणायला मिनाकडे काही नव्हतं. पुनम दवाखान्यातूनच वसमतच्या एसटीत बसली.

मिना आता दुकानाच्या पायरीवर ताठ उभी होती.

“शेठ, तुमच्या दुकानात व्होल्टेज बराबर हाय ना?”

“हाय की.”

“मग इथं लावा.”

शेठ हसले. “असं लावून काय कळतंय?”

“तुमाला न्हाई कळलं तरी चालंल. मला कळंल.”

कूलर बघणारी एक म्हातारी मध्येच बोलली, “लाव की बाबा. काहून भ्यायलास?” गर्दीत हशा पिकला. शेठनी चडफडत वायर ओढली आणि स्वतःच्या हातानं बटण दाबलं. दिवा लागला. मोटर घुरघुरली. मिनानं पाण्याची बाटली आत ठेवली आणि पायरीवर बसली. देविदास मोबाइलवर व्हिडिओ काढत बाजूला उभा राहिला. येणारा-जाणारा विचारायचा आणि मिना प्रत्येकाला सांगायची, आवाज न चढवता, पहिल्यापासून.

बाजार उठायला लागला तशी ती उठली. बाटली काढून तिनं शेठच्या हातात दिली.

“धरा.”

शेठनी धरली. पाणी कोमट होतं. त्यांनी बाटली या हातातून त्या हातात घेतली. देविदासच्या मोबाइलमध्ये ते सगळं आलं.

“गॅस गेला असंल,” शेठ शेवटी म्हणाले. “भरून देतो. तुमी मेकॅनिकचं तेवढं द्या.”

“मी नवा फ्रीज घेतला व्हता. दुरुस्त केलेला न्हाई. बदलून द्या, न्हाईतर पैसे द्या.”

शेठनी डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. लाल अक्षरं होती, खाली फुलांची नक्षी. “पावतीवर बी छापलंय. वाचता येत असंल तर वाचा.”

फ्रीज पुन्हा टेम्पोत चढला.

पुढचा रस्ता आरोग्य केंद्रातल्या राजनंदिनी सिस्टरनी दाखवला. पुनमचं औषध त्यांच्याच हातून मिळायचं. “पाटी लावली म्हणून तो कायदा होत नाही,” त्या म्हणाल्या. “खराब माल विकला तर दुकानदारालाही जाब द्यावा लागतो, नुसतं कंपनीकडं बोट दाखवून सुटता येत नाही. हिंगोलीला ग्राहक आयोगात जा. वकील लागत नाही, तुम्ही स्वतः बोलू शकता.”

मिना गेली. तक्रार दिली. मग तारखा सुरू झाल्या. कधी शेठचे वकील नसायचे, कधी कंपनीचे. सोयाबीनची काढणी सोडून जावं लागायचं. देविदास कंटाळला.

“सोड आता. पुढच्या हळदीवर दुसरा घेऊ.”

“घेऊ की. पन मग व्होल्टेज आपलंच खराब व्हतं असं ठरंल,” मिना म्हणाली. “पोरगी आपल्याच चुकीनं मरायला टेकली असं ठरंल. मी ते ठरू देनार न्हाई.”

शेवटच्या सुनावणीला शेठचे वकील म्हणाले, “तांड्यावरच्या लोकांना अशा वस्तू वापरायची सवय नसते. दार उघडं ठेवतात, गरम भांडी ठेवतात.”

मिना उभी राहिली. “साहेब, आमाला वापरता येत न्हाई, खरं धरू. पन त्या दिवशी शेठच्या दुकानात शेठनीच लावला व्हता.”

देविदासनं मोबाइल पुढं केला. आयोगाच्या अध्यक्षांनी त्यातला व्हिडिओ दोनदा पाहिला. मग कंपनीच्या वकिलांना विचारलं, “तुमचा माणूस यांच्या घरी गेला होता का?” वकील कागद चाळत राहिले. त्यात घरभेटीची नोंद नव्हती.

निकाल मिनाच्या बाजूनं लागला. दुकानदार आणि कंपनीनं मिळून नवा फ्रीज द्यायचा, दवाखान्याचा खर्च आणि भरपाईही द्यायची. शेठनी दुकानातून माणूस पाठवून फ्रीज घरात लावून दिला. स्वतः आले नाहीत. मिनानं त्यात पाणी ठेवलं, गार झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलं. मग वसमतला फोन केला.

पण पुनमचं नाव तोवर वसमतच्या शाळेत लागलं होतं. तिथं शिकवणी होती, मैत्रिणी होत्या, दवाखाना जवळ होता. संगिता म्हणाली, “आता मधीच काहून काढतीस? सुट्टीत येईल की.” देविदासलाही ते पटलं. मिनाला पटलं नाही, पण या वेळी तक्रार कुणाकडं करायची ते तिला कळेना.

मे महिन्यात पुनम आली. उंच झाली होती. मिना गोरमाटीत, घरच्या बंजारा बोलीत विचारायची आणि ती मराठीत उत्तर द्यायची. पिशवीत कपडे होते आणि बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये दोन बाटल्या.

“आन, ह्यात ठेव,” मिनानं फ्रीजचं दार उघडलं.

पुनम थर्मास पोटाशी धरून उभी राहिली. “हा गार करतो का?”

“हात लावून बघ.”

पुनमनं खालच्या कप्प्यावर पंजा टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग थर्मास उघडून एक बाटली आत ठेवली. दुसरी तिनं बर्फातच राहू दिली, झाकण घट्ट फिरवलं आणि थर्मास उशाशी नेऊन ठेवला.

बाटली पडू नये म्हणून मिनानं ती जरा आत सरकवली आणि दार हळूच लावलं.