पत्ता उघडा राहिला

सरकारी वकिलांच्या कचेरीत ती संगणकाचं काम बघायची. चाळीस पोलीस ठाण्यांतून खटल्यांच्या एक्सएमएल फायली, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यांत माहिती भरलेल्या फायली, यायच्या आणि प्रत्येक ठाण्याची मांडणी निराळी. कुठली माहिती कोणत्या कप्प्यात असेल याचा नेम नाही. ज्या कप्प्यात ‘गुप्त’ अशी खूण असे, त्यातलं काही, साक्षीदाराचा पत्तासुद्धा, आरोपीच्या वकिलाला जाणाऱ्या प्रतीत छापलं जात नसे. ती खूण घालायला तिने एक्सएसएलटीत, म्हणजे अशा फायलींचं रूप बदलणाऱ्या संगणकभाषेत, दोनच नियम लिहिले होते. एक: जे आहे ते जसंच्या तसं उतरव. दोन: ‘साक्षीदार’ नावाचा कप्पा कितीही खोल सापडो, त्यात ‘गुप्त’ घाल.

प्रती रवाना होऊन दोन दिवस झाले होते. दुपारी एक फाईल सहज चाळताना ती एका नोंदीवर थांबली. त्या ठाण्याच्या कारकुनाने साक्षीदाराच्या कप्प्याला नाव दिलं होतं ‘पाहणारी’. खून डोळ्यांनी पाहिलेली एक शिवणकाम करणारी बाई. खूण नाही, पत्ता उघडा.

तिने नोंदीतला नंबर बघून त्या बाईला फोन लावला. “दाराला कडी घाला. कुणी आलं तरी—”

“कोण बोलतंय? थांबा हं, दार वाजतंय.”

मग लाकूड फुटल्याचा आवाज आला, आणि किंकाळी.

बाईचं घर कचेरीपासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. पोलिसांना कळवत कळवतच ती कचेरीच्या ड्रायव्हरला घेऊन धावली.

दार एका बिजागरीवर लोंबत होतं. आरोपीचा भाऊ लोखंडी गज घेऊन बाईवर तुटून पडला होता. “काय पाहिलंस? बोल, काय पाहिलंस?” प्रत्येक शब्दाला एक घाव. बाईचा उजवा हात शिलाई मशीनवर चेचला गेला होता. ड्रायव्हर मध्ये पडला. गज त्याच्या खांद्यावर बसला आणि तो भिंतीशी कोसळला. तेवढ्यात बाईने डाव्या हाताने तापलेली इस्त्री उचलली आणि त्या माणसाच्या गालावर दाबून धरली. करपल्याचा वास सुटला. तो गुरासारखा ओरडला, गज टाकून दाराकडे सुटला, पायरीवर आपटला. पोलिसांनी त्याला तिथेच धरला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बाईची दोन बोटं गेली.

“माझा पत्ता त्याला दिला कुणी?” बाईने विचारलं.

कारकुनाचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. “माझ्यामुळे गेला. तो कप्पा मी धरलाच नव्हता.”

बाईने डाव्या हाताने तिच्या थोबाडीत मारली. परत हात उगारला, पण खाली घेतला. “साक्ष मी देणारच,” ती म्हणाली. “तू निघ आता.”

गाल हुळहुळत असतानाच ती कचेरीत परतली. वकीलसाहेबांना काय झालं ते सांगून तिने दुसरा नियम पुसला आणि नवा लिहिला: कप्प्याचं नाव काहीही असो, प्रत्येकात ‘गुप्त’ घाल.

“अहो, असं केलंत तर कोरे कागद जातील!” साहेब म्हणाले.

“जाऊ द्या. जे उघडायचं ते मी एकेक वाचून, हाताने उघडीन.”

साहेबांनी तिच्या गालावरचे वळ पाहिले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.