एकविसावी चिठ्ठी

बाळंतपणाच्या रजेनंतरचा तिचा पहिलाच दिवस. तिने प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं. एकवीस बरण्यांमधले एकवीस मासे जागच्या जागी होते, पण त्यांच्यासोबत घातलेल्या चिठ्ठ्या पार कोऱ्या.

नववा महिना लागलेला, कंबर मोडलेली, त्या घाईत तिने त्या बॉलपेनने लिहिल्या होत्या. स्पिरिटमध्ये शाई विरघळते, चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, हे इथे फरशी पुसणाऱ्या मावशींनाही पाठ होतं.

मासा कुठल्या ओढ्यातला हे ठाऊक नसेल तर तो संशोधनाला कुचकामी. त्यातून हे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या अडतीस वर्षांच्या नोकरीतलं शेवटचं काम. तीन ओढ्यांपैकी एकातली जात निराळी आहे, हे त्यांना निवृत्तीआधी दाखवून द्यायचं होतं. पुन्हा जाऊन मासे आणावेत तर ओढे धरणाखाली गेलेले.

तिने जाऊन सगळं सांगितलं. बाळाला कालपासून कणकण होती, त्यामुळे रडू तसंही डोळ्यांच्या काठावरच होतं. मॅडमनी एक बरणी उजेडात धरली.

"बाळ किती महिन्यांचं झालं?"

"सहा."

"म्हणजे सहा महिने हे बिचारे बेवारस. चल, यांना घरी पोचवू."

त्यांनी जुनी वही काढली. पाणी लागून फुगलेली, पण अक्षर पेन्सिलीचं, ठसठशीत. पकडलेल्या प्रत्येक माशाची ओढ्यासकट, खवल्यांच्या आकड्यासकट नोंद त्यांनी काठावर बसूनच केली होती. बरेचसे मोजून परत पाण्यात सोडले होते. त्यांतले ठेवून घेतले ते कोणते, हे मात्र चिठ्ठ्यांवरच होतं. तिने लांबी मोजायला पट्टी घेतली, तेव्हा मॅडम म्हणाल्या की स्पिरिटमध्ये मासा आक्रसतो, खवले काही कमी होत नाहीत. म्हणून खवले मोजायचे, परांचे काटे मोजायचे. शिवाय वहीत होतंच: गालावर तिरका ठिपका, शेपटीचं वरचं टोक तुटलेलं. तान्ह्या बाळाची जन्मखूण आईने लक्षात ठेवावी, तसं. पाठीमागे सगळे त्यांना खवलेबाई का म्हणतात, ते तिला आज कळलं.

दोन दिवस मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकून आकडे सांगत होत्या आणि ती वहीत शोधत होती. मध्येच ती सासूबाईंना फोन करून ताप विचारी. मॅडम तेवढा वेळ मोजणी थांबवत.

वीस मासे जुळले. एकविसावा सगळ्यांत मोठा, देखणा. त्याच्याशी दोन नोंदी जुळत होत्या, दोन वेगळ्या ओढ्यांतल्या.

"हा तिसऱ्या ओढ्यातला," मॅडम म्हणाल्या. "मीच ओंजळीत धरला होता."

तिसऱ्या ओढ्यातली जातच तर निराळी होती, आणि तिथले तीनच मासे जुळले होते. तिने घाईने पेन्सिल उचलली. "मग तसंच लिहिते, मॅडम."

"नको. हे मला आठवतंय, पण वहीत नाही. 'ठिकाण अज्ञात' लिही."

"तिघांवर भागेल?"

"भागवू."

तिने लिहिलं. चिठ्ठी बरणीत सोडणार, तोच मॅडमनी तिला थांबवलं.

"खाली तुझं नाव घाल. उद्या मी नसेन. कुणाला काही विचारायचं झालं, तर विचारायला माणूस हवा ना."

तिने पेन्सिलीला नीट टोक केलं आणि नाव लिहिलं.