मास्तरांची पाठ

मी हवेची गादी बोलतेय, हाडांच्या वॉर्डातली. माझ्या अंगावर फुगवट्यांच्या रांगा आहेत. पंप त्या आळीपाळीने फुगवतो आणि सोडतो, म्हणजे पडून असलेल्या माणसाच्या एकाच जागेवर भार येत नाही. माझ्यावर कितीजण झोपून गेले, पण मास्तर काही विसरता येत नाहीत.

ते शिंपी होते. मणक्याला मार बसून कमरेखाली लुळे पडले होते. तीन आठवडे घरी काढून आले, तेव्हा माकडहाडावर लिंबाएवढी जखम होती. बायकोने त्यांचं सगळं केलं होतं, फक्त कुशीवर वळवलं नव्हतं. हलवलं तर मणका आणखी दुखावेल, अशी तिला धास्ती. सिस्टर तिला रागावल्या नाहीत. चादरीला धरून, न फरफटवता कसं वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची, हे त्यांनी तिच्याकडून करून घेतलं. दर दोन तासांनी वळवायचं, असं ठरलं.

मास्तर मात्र अडून बसले. लेकीच्या वयाच्या बाईने आपली उघडी पाठ धुवायची, याने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. दुखत तर नाही, शिवाय हवेची गादी आहेच, म्हणायचे. माझं नाव पुढे केलं की मला अपराधी वाटे. मी भार वाटून घेते, पण माणसाला वळवू शकत नाही.

जखम चिघळली, ताप चढला. ड्रेसिंगचं सामान घेऊन सिस्टर खुर्ची ओढून बसल्या.

"मास्तर, गिऱ्हाइकाचं माप घेताना लाजायचात?"

"ते काम होतं माझं."

"हे माझं आहे. वळा."

मास्तरांनी पलंगाचा कठडा धरला.

त्यानंतर वळवण्याची एकही पाळी चुकली नाही. जखम रोज धुतली जाई, बायको दूध-अंडी आग्रहाने भरवी. अडीच महिन्यांनी एका सकाळी सिस्टरनी पट्टी काढली आणि बायकोला जवळ बोलावलं. ती वाकली आणि अगदी जवळून बघू लागली.

भिंतीकडे तोंड करून पडलेले मास्तर घाबरले. "काय झालं? बोला की कुणीतरी."

"भरली हो," बायको म्हणाली, आणि तिला हसूच आवरेना.

मास्तर चाकांच्या खुर्चीतून घरी गेले. मला आता दोन ठिगळं आहेत, पंपही कुरकुरतो. आज एक आजी आल्यात, खुब्याचं हाड मोडलेल्या. माझ्यावर विसंबून त्यांना तसंच पडू देऊ नका, एवढंच सांगायचं होतं. पण सिस्टर आल्यासुद्धा, सुनेला चादरीचं दुसरं टोक धरायला सांगतायत.