नाव न घेतलेल्या माणसाचा पटका

मी एक जुना पटका आहे, मित्रांनो. आज मला कंबरेला गुंडाळलेलं बघून तुम्ही फडकं म्हणाल. म्हणा बापडे! पण एके काळी मी डोक्यावर बसत होतो, आणि ते डोकंही असंतसं नव्हतं.

मालकांनी मला लग्नाच्या वर्षी आदिलाबादच्या बाजारातून आणलं. तलमडुगुकडच्या आमच्या गावात मालक मला बांधून निघाले की लोक आपणहून रामराम घालायचे. मालकीणबाई, म्हणजे जयवंताबाई, मला नीळ घालून धुवायच्या. स्वतःच्या लुगड्यापेक्षा त्यांनी मला जास्त जपलं.

मग ते वाईट दिवस आले. जंगलात नक्षल्यांच्या बंदुका आणि रस्त्यावर पोलिसांच्या बंदुका. एका बाजूचे लोक दारात येऊन भाकरी मागून गेले. बंदूकवाल्या पाहुण्याला नाही कोण म्हणणार? काही दिवसांनी दुसऱ्या बाजूचे आले, भाकरी काऊन दिली म्हणून विचारायला. मालक जेवत होते. हात धुऊन, उघड्या डोक्यानं त्यांच्यासोबत गेले. मी खुंटीवरच राहिलो. मालक परत आलेच नाहीत.

गेलेल्या माणसाचे कपडे तेराव्याला देऊन टाकतात. पण ज्याचा देहच कुणी पाहिला नाही, त्याचं तेरावं कसं करायचं? जयवंताबाईंनी कुंकू पुसलं नाही आणि मला कुणाला दिलंही नाही. पुढे उंदीर कुरतडायला लागले तेव्हा त्यांनी मला उतरवलं आणि कापूस वेचायची ओटी करून कंबरेला बांधलं. तेव्हा मला फार अपमान वाटला होता. पण खुंटीवर झुरण्यापेक्षा हे बरं, हे मला पहिल्याच वेचणीत कळलं.

अशी बरीच वर्षं गेली आणि एक दिवस चारुलता आली. आदिलाबादच्या नोकरदार मराठी घरातली, हैदराबादला विद्यापीठात शिकवणारी. बंदुकीच्या त्या काळात बायकांच्या मनावर काय आघात झाले, यावर ती पुस्तक लिहीत होती. पोरगी मनानं चांगली, पण कामाच्या घाईची. अंगणात खुर्चीवर बसली आणि तिनं पहिलाच प्रश्न विचारला, नवऱ्याचं नाव काय?

जयवंताबाईंनी शेजारच्या रेणुकाबाईंकडे पाहिलं. रेणुकाबाई एकदम आपली चप्पल शोधायला लागल्या. चारुलताचे डोळे भरून आले. निघताना ती फोनवर आपल्या सरांना सांगत होती, की बाईंना इतका धक्का बसलाय की नवऱ्याचं नावसुद्धा ओठांवर येत नाही.

वेचणीच्या दिवसांत ती पुन्हा आली, थेट शेतात. मीही वेचते म्हणाली. जयवंताबाईंनी हसत मला सोडलं आणि तिच्या कंबरेला बांधलं. काय ती वेचणी! निम्मा कापूस, निम्मा पालापाचोळा. वेचता वेचता तिनं हळूच विचारलं, त्या दिवशी दुःखानं बोलता आलं नाही ना मावशी?

"अवं पोरी, नवऱ्याचं नाव बाई सोता घेते काय? शेजारीन सांगते."

"पण रेणुकाबाई होत्या की तिथं."

जयवंताबाईंचं हसू थांबलं. रेणुकाबाई बाजूच्याच ओळीत होत्या, त्यांनी मान खाली घातली. मग जयवंताबाई बोलत राहिल्या. मालकांना नेलं त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव कुणी काढलं नव्हतं. नाव काढलं की चौकशी आपल्या दारात येईल, हे भय. पोरबाळ नव्हतं, म्हणून बापाचं नाव सांगणारंही कुणी नव्हतं.

"लोक भेवानं घेत नाईत, मी रीतीनं घेत नाई," त्या म्हणाल्या. "मंग त्याह्यचं नाव घेते कोन?"

चारुलतानं त्यांचा हात धरला. तिनं समजावलं, की घाबरू नका, पुस्तकात खरी नावं देतच नाहीत. तुम्हाला त्रास नको म्हणून बदलून टाकतात.

"म्हंजे आता तूबी नाई घेनार?"

जयवंताबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला. रस्त्यावरून तामसीची बस चालली होती, तिचा आवाज दूर जाऊ दिला. मग साऱ्या शेताला ऐकू जाईल एवढ्यानं त्या म्हणाल्या,

"नागोराव. लिही. नागोराव."

इतक्या वर्षांनी मी ते नाव ऐकलं, मित्रांनो. तेवढ्यात बाजूच्या ओळीतून रेणुकाबाईंचा रडका आवाज आला, "आमचे नागोराव भाऊजी." आणि त्या दोघी बाया कापसाच्या पऱ्हाटीत उभ्या राहून, आलटून पालटून, माझ्या मालकाचं नाव घेत राहिल्या.

आता मी विरलोय, एखाददुसरी वेचणी निघेल. माझं काही नाही. पण तुमच्या गावात असं एखादं नाव असेल, भयानं गिळलेलं, तर ते तेवढं मोठ्यानं घ्या. कुणीतरी ते ऐकायला फार वर्षं थांबलेलं असतं.