सोनूबाईच्या दारातली मासळीची पाटी

मी एक जुनी मासळीची पाटी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका! बुरुडाने मला विणले तेव्हा माझ्याही अंगाला कोवळ्या बांबूचा गोड वास होता. मग मुरुडच्या ठमाबाई कोळणीने मला डोक्यावर घेतले आणि आमची जोडी जमली.

रोज सकाळी एसटीने आम्ही आतल्या गावांत जात असू. शेवटचे दार सोनूबाईचे. तिथला तमाशा ठरलेला. शेतकरी सगळे चिक्कू, असे मनात धरून ठमाबाई भाव चढवून सांगे. कोळणी सगळ्या लबाड, असे मनात धरून सोनूबाई तो खाली ओढी. अखेर दोघी मध्ये कुठेतरी येत आणि चहा होई. मला त्याची भारी गंमत वाटे.

एकदा एसटी उशिरा आली आणि बांगडे जरा मऊ पडले. सोनूबाई सुनेसमोर कडाडली, "कोळनी सगळ्या अशाच! फसवायलाच येतात."

ठमाबाईचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊं दे बाय. आता न्हाय येत तुझ्या दारात," म्हणाली आणि मला उचलून निघाली. त्या दारावाचून तिला चहा गोड लागेना. मलाही फार वाईट वाटले.

पुढचे मला नंतर कळले. सून प्राप्तीने विचारले, "आई, सगळ्या म्हणजे कोण कोण? नावं सांगा बघू."

"ही ठमा, आन..." सोनूबाई अडली. दुसरे नावच येईना. आणि प्राप्तीच्या बाळंतपणात पचायला हलकी म्हणून मुडदुशी मासळी कोणी आणून दिली होती? ह्याच ठमाने, न सांगता.

दुसऱ्या दिवशी सोनूबाई कडव्या वालांची पिशवी घेऊन मुरुडच्या बाजारात हजर! "ठमे, चुकलं माजं. एकच कोळीन मला ठावी, आन तिलाच दुखवलं."

"मी तरी काय, तुमाला सगळ्यांना चिक्कूच समजत व्हते," ठमाबाई डोळे पुसत हसली. "आन तू फुकट वाल द्यायला आलीस!" तिने ते वाल माझ्यातच ओतले आणि मला सोनूबाईच्या हाती दिले.

आता ठमाबाईकडे प्लास्टिकचा टब आहे आणि माझ्यात वाल सुकतात. मित्रांनो, 'हे लोक सगळे असेच' असे ओठांवर आले, की थांबा. सगळे म्हणजे कोण, त्यांची नावे घेऊन पाहा. बहुतेक वेळा एका नावाशीच अडाल. आणि जुनी पाटी टाकून देऊ नका हो. सोनूबाईच्या वालांना अजून किंचित मासळीचा वास येतो. ती कुरकुरत नाही. उसळीची पहिली वाटी ठमाबाईसाठी काढून ठेवते.